उष्णतास्नेही मृदा-सूक्ष्मजंतू व कवकजन्य वनस्पतिरोग

मृदेत व कंपोस्ट खतात उच्च तापमानाला वाढणाऱ्या किंवा ते सहन करणाऱ्या सूक्ष्मजंतूंचा पिकांवरील कवकजन्य (बुरशीमुळे होणाऱ्या) रोगांच्या जैव नियंत्रणासाठी उपयोग होतो. साधारणतः ४५° से. च्या वर ज्यांची वाढ उत्तम होते, त्यांना उष्णतास्नेही म्हणतात. बॅसिलस  वंशातील अनेक जाती तशा नसल्या, तरी त्यांचे अंतर्बीजाणू तीव्र उष्णतेतही जिवंत राहतात.

इतिहास : ७०° से. च्या आसपास वाढणारे सूक्ष्मजंतू एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पीएर मीकेल या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सेन नदीच्या पाण्यात शोधले. उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या बॅसिलस सबटिलिसच्या  अंतर्बीजाणूंचे वर्णन फेर्डिनांट कोन यांनी १८७६ मध्ये केले. एक कवक दुसऱ्याचा नाश करू शकते, हे १९३२ मध्ये वाइंडलिंग यांनी ट्रायकोडर्मावरून  दाखविले. महाराष्ट्रात पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या कारखान्यात एम्. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मृदेतील एका तंतुमय सूक्ष्मजंतूपासून ऑरिओफंजिन हे कवकनाशक प्रतिजैव मिळविले (१९६४). हा सूक्ष्मजंतू उष्णतास्नेही नव्हता; तथापि मृदेतील जीवांपासून पिकांचे औषध मिळू शकते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

अहिल्यानगर जिल्हा : या जिल्ह्यात (पूर्वीचा अहमदनगर) १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस व फळबागा वाढल्या. त्याबरोबर पाणथळ जमिनीचे व मूळकुजीचे प्रश्नही आले. हरभऱ्यावरील मर रोगाचे फ्युजेरियम  हे कवक पिकाविना सु. सहा वर्षे मृदेत टिकते. लहान शेतकऱ्याला इतकी वर्षे पीक टाळणे परवडत नाही आणि फवारलेले औषध मुळांपर्यंत पोहोचत नाही. राहुरी येथील महात्मा फुले कृषि विद्यापीठाने (स्थापना १९६८) ‘विजय’, ‘दिग्विजय’ यांसारखे मर रोगास प्रतिकारक्षम वाण दिले. जैव नियंत्रण हा त्यास पूरक उपाय होय.

प्रवरानगर येथे १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला. अशा कारखान्यांतील मळी (रस गाळून उरलेला गाळ) व पाचट यांचे कंपोस्ट करताना ढीग ५५° ते ६५° से. पर्यंत तापतो. या तापमानात बहुतेक रोगकारक कवके मरतात, पण बॅसिलसचे  अंतर्बीजाणू उरतात आणि ढीग निवताच प्रथम वाढू लागतात.

कार्यपद्धती : बॅसिलस सबटिलिस  इट्युरीन व फेंजायसीन ही लिपोपेप्टाइडे स्रवतो. त्यांमुळे कवकाचे कोशिकापटल भंगते. शिवाय मुळांभोवतालची जागा व अन्न तो आधीच व्यापतो आणि वनस्पतीची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागृत करतो. उन्हाळ्यात ओलावलेल्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिक पसरून ती तापविण्याची पद्धत इझ्राएलमध्ये काटान व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडली. तिच्यातही कवके दुबळी होतात व उष्णतासह सूक्ष्मजंतू टिकून राहतात.

मर्यादा : खरे उष्णतास्नेही सूक्ष्मजंतू ढिगात क्रियाशील असले, तरी मुळांजवळच्या २५°–३० ° से. तापमानात ते सुप्तच राहतात. म्हणून शेतात उपयोगी पडतात ते मुख्यतः उष्णता सोसणारे, पण मध्यम तापमानात वाढणारे प्रकार. बाटलीबंद बीजाणू दीर्घकाळ टिकतात, हा त्यांचा मोठा लाभ. तथापि सेंद्रिय द्रव्य कमी व निचरा वाईट असलेल्या जमिनीत त्यांचा प्रभाव अनिश्चित ठरतो. निचरा, प्रतिकारक्षम वाण व पक्व कंपोस्ट यांची जोड असल्यासच हा उपाय भरवशाचा होतो.