सायखेड्याचा पूल व सावित्रीची रात्र

ज्युबिलीच्या पुस्तिकेंत देवळाचा वृत्तांत यावा, पुलाचा कशास, असें आमचे कित्येक धर्मबंधु विचारतील. परंतु रोमच्या पोपमहाशयांस 'पोंटिफेक्स' असें जें प्राचीन पद लाविलें जातें, त्याचा अर्थ पूल बांधणारा असा करितात. तेव्हां विषय अगदींच परका नव्हे.

आमच्या नाशिक जिल्ह्यांत, निफाड तालुक्यांत, चांदोरी व सायखेडा ह्या गांवांमध्यें गोदावरीवर पूल आहे. शेतमाल, शाळेचीं मुलें, दुखणाईत, सर्वांची वाट तीच. पुढें नांदूरमध्यमेश्वराचा बंधारा असल्यामुळें पाणी तुंबतें, आणि पावसाळ्यांत वाहून आलेल्या पाणवेली खांबांशीं अडकून बसतात. हातांत घेतली तर पाणवेल ती किती हलकी! पण तिचा तट झाला म्हणजे नदीचा सारा रेटा पुलावर येतो व अडलेलें पाणी गांवांकडे वळतें. ऑगस्ट २०१९ च्या पुरांत तें घरांत शिरलें.

२ ऑगस्ट २०१६ रोजीं नाशकांत दुतोंड्या मारुति बुडाला होता व आम्ही सर्व गोदावरीकडेच पाहत होतों. त्याच रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील, इ. स. १९२८ सालीं बांधलेला, दगडी कमानींचा पूल कोसळला. जयगडहून मुंबईस व राजापुराहून बोरिवलीस निघालेल्या एस. टी. च्या दोन गाड्या उतारूंसह अंधारांत नदींत गेल्या. कांहींचे देह दूर समुद्रकिनारीं सांपडले, कांहींचे सांपडलेच नाहींत. आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत पाहणी होऊन तो पूल सुरक्षित ठरला होता!

आम्ही कांहीं इंजिनीयर नव्हों. तथापि इतकें समजतें कीं असा पूल बहुधा वरून खचत नाहीं. पुराचे भोवरे खांबाच्या तळची वाळू खरवडून नेतात, पाया उघडा पडतो, आणि एक खांब ढळला कीं एकमेकींवर रेललेल्या कमानी पाठोपाठ जातात. वर डांबर गुळगुळीतच असतें. म्हणून दुरुस्ती म्हणजे कठड्यास चुना फांसणें नव्हे. उन्हाळ्यांत पाणी उतरल्यावर पाया तपासावा, खड्डे दगडांनीं भरावे, सांधे बुजवावे, कमानींत रुजलेला पिंपळ मुळासकट काढावा, पाणवेली पुराआधींच ओढून काढाव्या.

फ्रान्सांतील आविन्यों येथें बेनेझे नांवाच्या मेंढपाळ मुलानें देवाज्ञेनें इ. स. ११७७ त पूल आरंभिला, अशी परंपरा आहे. ऱ्होन नदी तो वारंवार मोडी, लोक वारंवार बांधीत. सतराव्या शतकांत त्यांनीं हात टेकले. बावीस कमानींपैकीं आज चारच उभ्या आहेत. बेनेझे संत झाला. डागडुजी करणाऱ्यांचीं नांवें आम्हांस कोठें आढळलीं नाहींत. (ह्या पुस्तिकेंतही देवळाची कोनशिला बसविणाऱ्यांचेंच नांव येईल, कौलें चाळणाऱ्यांचें नाहीं.)

सावित्रीवरील नवा पूल ५ जून २०१७ रोजीं खुला झाला. दरवर्षीं २ ऑगस्टला मिस्साबलीच्या वेळीं आम्ही त्या उतारूंचें स्मरण करितों.