कोब्याखालची ओल

यवतमाळच्या बाजारात कापसाची गाडी लागली की भावाआधी ओलाव्याची चौकशी होते. यंत्राची टोकं कापसात खुपसली जातात आणि सगळे आकड्याकडे बघतात. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव मिळतो, पुढे दर टक्क्याला कपात होते आणि 12 टक्क्यांवरचा कापूस परत जातो. मात्र हाच कापूस ज्या फरशीवर ओतला जातो, तिची ओल मोजलेली क्वचितच दिसते.

जुने लोक भुईच्या बाबतीत इतके बेफिकीर नव्हते. जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या कसदार मातीचा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी धरून ठेवते. पऱ्हाटीला हा गुण मानवतो, घराला जाचतो. म्हणून जोत्यातली काळी माती उपसायची, मुरूम भरायचा, पाणी मारून धुमसाने ठोकायचा आणि वर शेणामातीचं सारवण करायचं. खालून येणारी ओल या भुईतून हवेत निघून जाई. पोपडे आलेच तर घरातली बाई पुन्हा हात फिरवी.

ज्वारीच्या पेवाला तर जागा निवडण्यातच निम्मी अक्कल लागे. उंचवटा बघायचा, पाणी झिरपणार नाही अशी खात्री करायची, तळाला आणि कडांना काड लावायचं. चुकीच्या जागेची शिक्षा वर्षाच्या धान्याला भोगावी लागे.

वणीजवळच्या राजूरला चुनखडी मिळते आणि तिथल्या भट्ट्यांचा चुना प्रसिद्ध आहे. चुन्यात बसवलेली फरशीही ओल अडवून धरत नाही, सांध्यांतून बाहेर सोडते. नंतर मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत छोटी रेल्वे आली, तिला पुढे लोक शकुंतला म्हणू लागले. रुईच्या गठाणी रेल्वेने मुंबईच्या वाटेला लागल्या.

मग सिमेंट आलं आणि कोबा झाला. 2000 मध्ये केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. त्यात जिन-प्रेसच्या आधुनिकीकरणाबरोबर कापूस मातीत पडू नये म्हणून पक्क्या फरशीवरही भर होता. तो योग्यच होता. माती-कचरा मिसळलेल्या रुईला भाव मिळत नाही. 2022 पासून तर मुकुटबनच्या कारखान्यात, जिल्ह्यातच सिमेंट तयार होऊ लागलं.

कोबा वरून कोरडा दिसला तरी आतल्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढतच असतं. उघड्या कोब्यावरून ते उडून जातं. त्यावर इपॉक्सीचा लेप दिला की वाट बंद होते. पाण्याबरोबर सिमेंटमधला क्षार लेपाखाली साठतो, पकड सुटते, फोड येतात आणि महागडा थर सोलून निघतो. दोष रंगाऱ्याला दिला जातो. खरं कारण बहुधा तपासणी न करता काम उरकण्यात असतं.

तपासणी अवघड नाही. सुमारे 45 सेंटिमीटर चौरस जाड प्लॅस्टिक कोब्यावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून निदान 16 तास ठेवतात. खाली थेंब जमले किंवा कोबा काळवंडला तर लेप थांबवायचा. याहून भरवशाची रीत म्हणजे कोब्याला भोक पाडून जाडीच्या 40 टक्के खोलीवर आर्द्रतामापक बसवणं. एकाच बाजूने वाळणाऱ्या कोब्यासाठी ही खोली ठरलेली आहे. प्लॅस्टिकची चाचणी वरच्या थराचंच सांगते, खोलवरचं नाही.

विदर्भात आणखी एक फसगत होते. रंगकाम बहुतेक एप्रिल-मेमध्ये काढतात. तेव्हाच्या कोरड्या उन्हात प्लॅस्टिकखाली काहीच दिसत नाही आणि सगळे निर्धास्त होतात. जुलैत काळी माती पाणी पिऊन बसली की तोच कोबा खालून भिजू लागतो. कोब्याखाली प्लॅस्टिकचा पडदा घातलेला नसेल तर उन्हाळ्यातल्या एका चाचणीवर विसंबणं धोक्याचं आहे.

जिनवाल्यांनी, वखारवाल्यांनी आणि घर बांधणाऱ्यांनीही लेपाच्या करारात ओल तपासणीची अट लिहून घ्यावी. शक्य असेल तिथे ती चाचणी श्रावणात करावी, आणि आकडा जुळेपर्यंत डबा उघडू देऊ नये.