नावाचे ऋण

रडयार्ड किपलिंग हा ‘जंगल बुक’चा लेखक म्हणून आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. त्याचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. त्याचे वडील तेथील जे. जे. कलाशाळेत शिकवीत. १९०७ साली त्याला नोबेल पारितोषिक लाभले. ब्रिटिश साम्राज्याचा तो कट्टर अभिमानी होता. १९१४ साली महायुद्ध पेटताच तरुणांनी सैन्यात जावे, असा प्रचार त्याने लेखणीने व वाणीने केला. त्या प्रचाराचे मोल त्याच्याच घराला द्यावे लागले.

जॉन हा त्याचा एकुलता एक मुलगा. दृष्टी फार अधू असल्याने सैन्याने त्याला नाकारले. तेव्हा पित्याने आपले जुने स्नेही लॉर्ड रॉबर्ट्स यांच्याकडे शब्द टाकला आणि सतराव्या वर्षी जॉन ‘आयरिश गार्ड्स’मध्ये अधिकारी झाला. २७ सप्टेंबर १९१५ रोजी फ्रान्समधील लूसच्या लढाईत तो नाहीसा झाला. अठरा वर्षे पूर्ण होऊन त्याला जेमतेम सहा आठवडे लोटले होते. आईवडिलांनी परतलेल्या जखमी शिपायांना गाठून परोपरीने विचारपूस केली, परंतु देह मिळाला नाही. १९३६ साली किपलिंग निवर्तला, तोवर मुलाची कबर त्याला ठाऊक झाली नाही. १९९२ साली युद्धसमाधी आयोगाने एका अनामिक अधिकाऱ्याच्या कबरीवर जॉनचे नाव घातले.

ह्या शोकातून किपलिंगने जे कार्य केले, ते विचार करण्याजोगे आहे. १९१७ साली तो नव्याने स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाचा सभासद झाला. आयोगाचे दोन नियम होते. सेनापती असो वा साधा शिपाई, सर्वांच्या कबरीवर एकसारखी शिळा असावी. आणि श्रीमंतांनी आपल्या मृतांचे देह मायदेशी नेऊ नयेत. अनेक प्रतिष्ठित घराण्यांनी कडाडून विरोध केला. किपलिंग नियमांच्या बाजूने उभा राहिला. ज्या पित्याने ओळखीच्या बळावर मुलाला रणांगणावर पाठविले, त्याच पित्याने मरणानंतर कोणाचीही ओळख चालू नये असा आग्रह धरला! मोठ्या स्मारकशिळांवर कोरण्यासाठी त्याने मृतांचे नाव चिरंतन राहील अशा आशयाचे वचन निवडले. ते बेन सिराच्या ग्रंथातील चव्वेचाळिसाव्या अध्यायातले आहे. आपल्या कॅथलिक बायबलमध्ये हा ग्रंथ समाविष्ट आहे.

परंतु हे वचन सर्वांच्या बाबतीत पाळले गेले काय? फ्रान्समधील न्यूव्ह-शापेल येथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर कबर नसलेल्या ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. मेसोपोटेमियात मात्र वेगळाच न्याय लावला गेला. आपल्या मराठा पलटणी तेथेच झुंजल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कूट येथे शरण जावे लागलेल्या पूना डिव्हिजनमध्ये त्या होत्या. बसरा येथील स्मारकाच्या भिंतींवर गोऱ्यांची व भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या भारतीय शिपायांची केवळ संख्या. एप्रिल २०२१ मध्ये आयोगाने आपल्याच चौकशीनंतर ह्या भेदभावाबद्दल जाहीर क्षमा मागितली. त्याला शंभर वर्षे लागली!

आपल्याकडेही अनेक गावांत त्या युद्धाचे छोटे स्मृतिफलक आढळतात. गावातून किती जण गेले व किती कामी आले, एवढेच त्यांवर लिहिलेले असते. त्यांतला प्रत्येक आकडा कोणा मातेचा पुत्र होता, कोणा बहिणीचा भाऊ होता. त्याला एक नाव होते.

नाव राखणे हे युद्धाचे कौतुक नव्हे. उलट, मृतांची केवळ संख्या उरली की युद्ध सोपे वाटू लागते. धर्मग्रामाच्या मृत्युनोंदवहीत आम्ही धर्मगुरू तीन दिवसांच्या बालकाचेही नाव लिहितो, ते ह्याच श्रद्धेने की देवापुढे कोणीही निनावी नाही. ज्या कुटुंबांतील कोणी सेवेत असताना परमुलुखी कामी आला असेल, त्यांनी त्याचे नाव, पलटण, स्थळ व साल घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवावे. सांगणारे फार दिवस राहत नाहीत. आणि नोव्हेंबरात मृतांसाठी मिस्सा होईल, तेव्हा ते नाव मोठ्याने उच्चारले जावे.