ऑटो स्विचमध्ये राहून गेलेला चौकोन

फ्लोचार्ट म्हटलं की बहुतेकांना कॉलेजच्या जर्नलमध्ये मार्कांपुरते काढलेले चौकोन आठवतात. पण आमच्या नेकनूर भागात विहिरीवरच्या पेटीत एक फ्लोचार्ट रोज चालतो, तोही कागदाशिवाय. ऑटो स्विच. आज त्याचीच गोष्ट.

हे चौकोन काही कॉम्प्युटरवाल्यांनी शोधले नाहीत. 1921 साली फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन नवरा-बायकोनं इंजिनिअरांच्या सभेत 'प्रोसेस चार्ट' मांडले. काम कुठं अडतं, माल कुठं नुसता पडून राहतो, हे दाखवायला. 1947 मध्ये हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी तशाच आकृत्या कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमसाठी वापरल्या. पुढं प्रोग्रॅम एवढे वाढले की आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांत फ्लोचार्ट मागं पडला. यंत्रं चालवणाऱ्यांनी मात्र तो सोडला नाही. फ्रान्समध्ये 1977 साली 'ग्राफसेट' पद्धत आली: एक पायरी, मग एक अट, अट पूर्ण झाली तरच पुढची पायरी. आज कारखान्यातल्या पीएलसीमध्ये तिचंच भावंड असतं. यंत्राच्या अटी मोजक्या असतात, बोट ठेवून दाखवता येतात, म्हणून तिथं फ्लोचार्ट टिकला.

मोटारीचंच घ्या. शेतीला थ्री फेज लाईट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला थंडीत, साप-विंचवाच्या वाटेनं स्टार्टरचं बटण दाबायला कोण जाणार? म्हणून ऑटो. त्याचा फ्लोचार्ट एवढाच: लाईट आली का? तिन्ही फेज आहेत का? असतील तर मोटार चालू. नसतील तर परत बघ. एका शेतकऱ्याच्या बाजूनं यात काहीच चुकीचं नाही.

आता डीपीच्या बाजूनं बघा. 63 केव्हीएची डीपी धरा. तिची ताकद साधारण 84 अँपिअर. तिच्यावर 5 एचपीच्या 10 मोटारी. चालताना प्रत्येकी साडेसात अँपिअर धरले तर 75. बसलं! पण थेट सुरू होताना मोटार थोडा वेळ साधारण सहापट करंट ओढते. माणसं एकेक करून बटण दाबायची तेव्हा हे जाणवायचं नाही. दहाही ऑटो एकाच क्षणी 'हो' म्हणाले की मागणी 450 अँपिअर. व्होल्टेज पडतं, मोटारी वेग घेत नाहीत, करंट उतरत नाही, फ्यूज उडतो. वारंवार झालं की डीपी जळते, आणि दुसरी येईपर्यंत गव्हाची पाणीपाळी चुकते. ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, असं महावितरण सांगतं ते यासाठीच.

मला हा सल्ला अर्धाच पटतो. ऑटो काढला की रात्रीची चक्कर परत आलीच ना! राहून गेलाय तो एक चौकोन: 'थांब'. तुझं एक मिनिट, शेजाऱ्याची दोन, त्यापलीकडच्याची तीन. त्यासाठी लागणारा टायमर काही नवलाचा नाही, खूप जुनी गोष्ट आहे. अवघड आहे तो आकडा. तो एकट्यानं ठरवून भागत नाही. सगळ्यांनी एक मिनिटच ठेवलं तर पुन्हा तेच. डीपीवरच्या दहाही जणांना एका कागदाभोवती बसावं लागतं. आणि मधेच लाईट गेली, तर प्रत्येकाची मोजणी पुन्हा शून्यापासून.

तुमच्या डीपीवर मोटारी किती, आणि टायमर किती जणांकडं? व्हॉइस नोट पाठवा.