भिंत पावडर सोडते तेव्हा

आषाढी एकादशीला जळगावच्या पिंप्राळ्यात रथ निघतो. तो पुढे सरकेपर्यंत गर्दी मिळेल त्या भिंतीला टेकून उभी राहते. मीही टेकलो, आणि घरी आल्यावर शर्टाची पाठ पांढरीफटक. चुना नव्हता, चांगला डब्यातला रंग होता. भिंत पावडर सोडते, असं म्हणायचं, जळगावच्या 45 अंशांना दोन शिव्या घालायच्या आणि पाठ झटकायची.

बिचाऱ्या उष्म्याचा त्यात फारसा हात नाही. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतं. त्याचं एक खनिज, इल्मेनाइट, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नॉर्वे आणि अमेरिकेत टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी रंगासाठी बनू लागली, आणि शिशाच्या विषारी सफेद्याला चांगला पर्याय मिळाला. खोड मात्र लवकरच उघडी पडली. उन्हातला अतिनील किरण कणावर पडला की इलेक्ट्रॉन जागचा उठतो, मागे खळगा राहतो. हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन या भानगडीत सापडतात, त्यातून तापट रेणू जन्मतात आणि शेजारच्या सेंद्रिय पदार्थाचे लचके तोडतात. रंगात शेजारी असतं कणांना धरून ठेवणारं रेझिन. ते गेलं की उरते ती माझ्या शर्टाला लागलेली पावडर. सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम 5 टक्के, तरी एवढी करामत.

रंगवाल्यांनी तोडगा काढला: प्रत्येक कणाला सिलिका-अॅल्युमिनाचं अस्तर चढवायचं. तोकियोत आकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांना मात्र हाच खोडसाळपणा हवा होता. या पदार्थावर प्रकाश टाकून पाणी फोडता येतं, हे त्यांनी 1972 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. जंतूंपर्यंत गोष्ट पोचली 1985 मध्ये. तादाशी मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनम लावलेली ही भुकटी जिवाणू आणि यीस्टच्या पाण्यात घालून वर दिवा लावला. 60 ते 120 मिनिटांत सगळे खलास. पेशींचा श्वासच बंद पडला होता. रेझिन काय, जंतू काय, या भुकटीला दोन्ही सारखेच.

अशा कामासाठी भुकटीचे कण मुद्दाम बारीक करतात. कारण साधं आहे: काम पृष्ठभागावर चालतं. प्रयोगशाळांत नेहमी वापरली जाणारी, सुमारे 21 नॅनोमीटर कणांची भुकटी 1 ग्रॅम घेतली, तर तिचा पृष्ठभाग 50 चौरस मीटर भरतो. म्हणजे चिमूटभर भुकटीत एक छोटा फ्लॅट.

पुढे जपानमध्ये या भुकटीचा लेप दिलेल्या टाइल्स इस्पितळांच्या भिंतींवर चढल्या. पण दिवे मालवले की टायटॅनियमही झोपतं. म्हणून लेपात तांबं आणि चांदी घातली गेली. त्यांना जंतू मारायला उजेड लागत नाही. तांब्याच्या हंड्यात रात्रभर पाणी भरून ठेवणाऱ्या घरांना याचं नवल वाटू नये.