घरातला बोरघाट

दिवाळीत अंगणात किल्ला केला नाही असा मराठी वाचक विरळा. विटा रचायच्या, पोते अंथरून माती लिंपायची, हळीव पेरायचे आणि हिरवळ उगवली की मावळे उभे करायचे. त्या किल्ल्यातला मावळा दरवाज्याहून उंच असला तरी कोणाला खटकत नाही. रेल्वेच्या प्रतिकृतीत तेच खटकते. इंजिन, रूळ, झाड, फलाटावरचा हमाल, सगळ्यांना एकच माप लागते आणि अभ्यास सुरू होतो तो इथूनच.

सर्वांत रुळलेले माप ‘एचओ’, म्हणजे १:८७. त्यात दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. ते आले आहे १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे या मापात तो १९ मिलिमीटरहून थोडा जास्त भरतो. तयार रुळांवर भारतीय गाडी चालवणारा पहिल्याच दिवशी जवळजवळ तीन मिलिमीटरची तडजोड करतो. ती जाणून केली तर माझी काही हरकत नाही.

लांबीचा हिशेब मात्र फार कठोर आहे. २४ डब्यांची एलएचबी गाडी, म्हणजे हल्लीच्या नव्या धाटणीच्या डब्यांची, या मापात साडेसहा मीटर होते. कर्जत ते लोणावळा हे २८ किलोमीटर तीनशे मीटरच्याही वर जातात. १८६३ साली खुल्या झालेल्या या बोरघाटाचा चढ ३७ फुटांत एक फूट. त्याच चढाने एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा, मध्ये साडेसात सेंटिमीटर मोकळे ठेवायचे, तर पावणेतीन मीटर लांबी केवळ चढण्यात जाते. म्हणून काय ठेवायचे यापेक्षा काय गाळायचे हा प्रश्न मोठा. एक बोगद्याचे तोंड, एक दगडी पूल आणि गाडीला मागून रेटा देणारी बँकर इंजिने एवढे नीट साधले, तर बोरघाट ओळखू येतो.

ओळख पटते ती डोंगरावरून. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला, आणि हे थर जवळजवळ आडवे. त्यामुळे उभा कडा, खाली झाडीचा उतार, पुन्हा कडा, अशा पायऱ्या दिसतात. परदेशी साच्यांतून काढलेले प्लास्टरचे तिरपे खडक कितीही सुबक असले तरी इथे खोटे पडतात. महिनाही आधीच ठरवावा लागतो. मे महिन्यातले पिवळे गवत आणि जुलैतला धबधबा एका डोंगरावर नांदू शकत नाहीत.

खडीचे काम तर स्वतः करून पाहावे असेच आहे. रुळाखालची पाच-सहा सेंटिमीटरची खडी या मापात पाऊण मिलिमीटरच्याही आत येते, म्हणून बारीक चाळलेली रेती घ्यायची. ती कोरडीच पसरून मऊ ब्रशने स्लीपरांच्या मध्ये बसवायची. मग भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घातलेले पाणी फवारायचे. साबण नसेल तर पाण्याचा थेंब रेतीवर गोल बसून राहतो आणि खडे हलवतो. शेवटी पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडायचा. सांध्याच्या हलत्या पट्टीजवळ मात्र तो जाऊ द्यायचा नाही. चहाचा वाळवलेला चोथा झाडांखालचा पाचोळा म्हणून छान शोभतो.

याला नुसता खेळ म्हणणाऱ्यांनी इंग्लंडमधले पेंडन संग्रहालय आठवावे. ऑस्ट्रेलियातून आलेल्या रॉय इंग्लंड यांनी डोळ्यांदेखत बदलत चाललेली खेडी पाहिली आणि ती घराघरानिशी, बागांसकट लहान मापात उतरवण्याचे काम आरंभले. १९५४ मध्ये उभे राहिलेले ते संग्रहालय आज त्या मुलखाच्या १९२०-३० च्या दशकांचा दस्तऐवज आहे. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून खुले आहे. नव्या माणसाने तिथे निवांत वेळ काढावा. आपल्या घाटांतली जुनी स्थानके, कौलारू केबिन, पाण्याच्या टाक्या यांचे मात्र असे तपशीलवार काम अजून व्हायचे आहे, आणि ते घरातल्या टेबलावरही होऊ शकते असे मला मनापासून वाटते.

तेव्हा रूळ विकत घेण्याआधी कर्जतहून लोणावळ्याला दिवसाच्या गाडीने दोनदा जाऊन या, एकदा मे महिन्यात आणि एकदा भर पावसात. खिडकीची जागा धरा आणि वही जवळ ठेवा.