साखरेचं बेट आणि स्वेटरचे कारखाने

मॉरिशस म्हटलं की आपल्याला आठवतं हनिमूनचं पॅकेज. शेअर बाजारात पैसे गुंतवणाऱ्यांना फार तर 'मॉरिशस रूट' आठवेल. मला मात्र हे बेट आवडतं ते त्याने मंदीतून काढलेल्या वाटेमुळे.

१९६१ साली जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने या बेटाचं भवितव्य काही बरं दिसत नाही, असं लिहून ठेवलं. पुढे १९७७ मध्ये मीडना नोबेल मिळालं, म्हणजे माणूस ऐरागैरा नव्हता. त्यांचा हिशोब सरळ होता. इवलंसं बेट, निर्यातीत ९० टक्क्यांहून जास्त नुसती साखर, वर चक्रीवादळं. मलेरिया आटोक्यात आल्यामुळे लोकसंख्या भराभर वाढतेय. एवढ्या हातांना काम द्यायचं कुठून?

हे हात आले होते उसासाठीच. १८३४ पासून गोऱ्या मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून मजूर नेले, त्यात आपल्या कोकणातलेही होते.

१९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला. १९७४ मध्ये जागतिक बाजारात साखर पाउंडाला ६० सेंटच्या वर गेली आणि सगळीकडे आनंदीआनंद झाला. पगार वाढले, सरकारी खर्च वाढला. तीनच वर्षांत भाव १० सेंटच्या खाली! त्यात तेल महाग आणि १९७९-८० ची वादळं. १९७९ आणि १९८१ मध्ये रुपयाचं अवमूल्यन करावं लागलं, नाणेनिधीच्या दारात जावं लागलं. बेकारी २० टक्क्यांच्या आसपास पोचली. १९८२ च्या निवडणुकीत लोकांनी जुन्या सरकारला असं झोपवलं की मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा विरोधकांना!

आता गंमत बघा. डावी भाषा बोलत निवडून आलेले पॉल बेरांजे अर्थमंत्री झाले, आणि काटकसर त्यांनीही चालूच ठेवली. १९८३ मध्ये ते सरकार मोडलं, पुन्हा निवडणूक झाली, तरी मूळ दिशा बदलली नाही.

ती दिशा ठरली होती १९७० मध्येच. एदुआर लिम फात हे प्राध्यापक (शिक्षणाने इंजिनिअर, हे मुद्दाम सांगतोय!) निर्यात कारखान्यांच्या कल्पनेमागे लागले होते. कच्चा माल करमुक्त आणा, माल बनवून बाहेर विका, आणि कारखाना बेटावर कुठेही काढा. मजूर लागतील असे उद्योग हवेत, हे खुद्द मीडनीही सुचवलं होतंच. कापड कोट्यांत अडकलेल्या हाँगकाँगच्या व्यापाऱ्यांना इथून युरोपात करमुक्त वाट मिळत होती, म्हणून ते आले. शिवाय स्थानिक साखरवाल्यांनीही पैसा घातला.

आमच्या धंद्यात जुनी सिस्टिम दिसली की सगळं फेकून नव्याने लिहायची खुमखुमी येते. यांनी तसं केलं नाही. मळे जप्त करून वाटून टाकले नाहीत. १९७५ च्या करारानुसार युरोप दरवर्षी सुमारे ५ लाख टन साखर ठरलेल्या भावाने घ्यायचा. तो पैसा येत राहिला आणि शेजारी स्वेटर-शर्टांचे कारखाने उभे राहिले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांत वीसेक हजार लोक होते, दशक संपता संपता ९० हजारांच्या घरात. बेकारी जवळपास संपली.

पण हे हात कोणाचे? बहुतेक बायकांचे. आणि सुरुवातीला त्यांचं किमान वेतन पुरुषांपेक्षा कमी ठेवलं होतं. 'मॉरिशसचा चमत्कार' म्हणून जे कौतुक होतं, त्यातला मोठा भाग या स्वस्त मजुरीचा आहे. स्वतःच्या पगाराने घरात त्यांचा शब्द चालू लागला असेल, हेही खरंच. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.

२००५ मध्ये जगातले कापड कोटे संपले, २००९ मध्ये साखरेचा करार. बरेच कारखाने बंद पडले. मग शोध पुन्हा सुरू... बँकिंग, पर्यटन, आणि भारताच्या कर्जसाहाय्याने एबेनची सायबरसिटी. आपल्यासारख्यांना तिथे नोकरी लागेल. पण वीस वर्षं शिवणयंत्रावर बसलेल्या, शाळा अर्धवट सोडलेल्या बाईला तिथे कोण घेणार?

विकासदराचे आकडे बघताना हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. असो.